वाचनालयाची पुस्तकयादी युनिकोडमध्ये : सभासदांसाठी सूचना

शनिवारी दुपारी १ ते सोमवारी सकाळी १० संगणकावरची यादी बंद राहील. तोवर देवघेव वहीत होईल.

नव्या सॉफ्टवेअरसाठी जुन्या फॉन्टमधल्या नोंदी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या जागतिक प्रमाण पद्धतीत, आणत आहोत. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी नि रफार दिसतात त्या क्रमाने साठवलेले असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. त्यामुळे रूपांतरात 'पर्वरी'चे 'पवर्री' होते, 'डिचोली'ची वेलांटी सुटी पडते, आणि शोधूनही नोंद सापडत नाही. हे यंत्रावर सोडून चालणार नाही, माणसाची नजर हवीच.

सोमवारपासून आपले नाव, गाव आणि घरी नेलेल्या पुस्तकांची नोंद जरूर तपासा. विशेषतः रफाराची आडनावे! चूक दिसल्यास पुस्तकाच्या दाखल क्रमांकासह काउंटरवर चिठ्ठी द्या. जुनी फाइल जपून ठेवली आहे.

— व्यवस्थापक मंडळ