जिभाऊ, त्या वहीच्या पानाबद्दल

आदरणीय जिभाऊ,
सप्रेम नमस्कार.

घर तुमचं, जादा किल्लीही तुमच्याकडे. अण्णा जळगावच्या दवाखान्यात वारले हे कळल्यावर त्यांची धरणगावची भाड्याची खोली दुसऱ्याच दिवशी रिकामी करायला तुम्हाला कोणी अडवलं नसतं. अकरा महिन्यांचा करार त्या माणसापुरताच असतो, हे खरं. पण आतला चमचासुद्धा वारसांचा, मालकाचा नव्हे. एवढी साधी गोष्ट भल्याभल्यांना कळत नाही. आई गेली तेव्हाच्या घरमालकाने दहावं व्हायच्या आत खोली बघायला गिऱ्हाईक आणलं होतं आणि नंतर रंगाच्या नावाखाली डिपॉझिट गिळलं. चार वर्षांत भिंतीचा रंग उडतोच हो, ती झीज भाडेकरूच्या माथी मारायची नसते.

तुम्ही शेजारचे तात्या आणि दूधवाला यांना पंच म्हणून उभं केलंत, मगच दार उघडलंत. आधी फोटो, मग यादी, खाली तिघांच्या सह्या. किल्ली पाकिटात, आणि चिकटवलेल्या कडेवर आडवी सही.

आणि मे महिना. आपल्याकडच्या उन्हात बंद खोलीचं काय होतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. फ्रिज रिकामा करून पुसलात, प्लग काढलात, दार मिटू नये म्हणून फटीत पेपरची घडी घातलीत. दार लावून बंद ठेवलेल्या फ्रिजला आतून बुरशी धरते, मग तो वास जाता जात नाही. कूलरची टाकी उपसून कोरडी केलीत, नाहीतर डास झाले असते. रेग्युलेटर काढून सिलेंडरला टोपी लावलीत. सबमीटरच्या आकड्याचा फोटो त्याच दिवशी पाठवलात, म्हणून शेवटच्या बिलावर एका शब्दाचा वाद झाला नाही.

पण खरे आभार यादीचे. २०० पानी वहीचं फाडलेलं पान: ‘स्टीलचे डबे १४, एकाला झाकण नाही. गोधड्या ३. कळण्याचं पीठ, अर्धा डबा. चष्मा १, डावी काडी दोऱ्याने बांधलेली.’

सोनंनाणं, टीव्ही सगळेच लिहितात. चष्म्याचा दोरा कोण लिहितं, जिभाऊ? तिथून पुढची ओळ मला दिसेना.

फोनवर तुम्ही सहज म्हणालात, ‘दाखल्याला इकडे येऊ नका, मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद असते, जळगावलाच विचारा. प्रती पाच तरी घ्या.’ सुरतहून एक हेलपाटा वाचला. बँक, पेन्शन, विमा, गॅस करता करता चार प्रती संपल्याही.

डिपॉझिटातून ९ दिवसांचं भाडं आणि बिल वजा करून बाकीचा चेक दिलात, तोही आम्हा तिन्ही भावंडांच्या संमतीच्या सह्या घेऊन. धाकट्याला तेव्हा राग आला होता. रोख एकाच्या हातात पडली असती तर दुसरा उद्या तुमच्या ओट्यावर येऊन बसला असता, हे त्याला आता पटलंय. नात्यात पैसा आला की अविश्वास दाखवणाराच शहाणा ठरतो, काय करणार.

कपाट आणि कूलर न्यायला रविवारी टेम्पो येईल. गोधड्या कामवाल्या मावशींना द्या, त्यांना सांगून ठेवलंय. पीठ तुम्ही टाकून दिलं असेलच, किडे झाले असते.

ते वहीचं पान मात्र परत मागू नका. त्याची झेरॉक्स पाठवतो.

तुमचा,
अण्णांचा थोरला
सुरत