जुन्या वीजघराचं छप्पर घाईनं काढू नका

प्रिय अभय,

सप्रेम नमस्कार. शहराच्या ऐन मध्यावरचं बंद वीजघर दुरुस्त करून तिथं दुकानं, कचेऱ्या आणि घरं करायची, हा विषय तुमच्या गटापुढे आलाय आणि सगळे लंडनच्या बॅटरसी वीजघराचे फोटो दाखवताहेत, असं तू लिहिलंस. बॅटरसी जरूर बघा, पण फोटोंपेक्षा तिथल्या कामाचा क्रम बघा. कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, यावरच ती इमारत आधी खचली आणि त्याच कारणानं पुढे सावरलीही.

बॅटरसी म्हणजे एका कवचात दोन वीजघरं. ‘अ’ विभाग १९३३ मध्ये सुरू झाला आणि ‘ब’ विभाग दुसऱ्या महायुद्धानंतर १९५५ पर्यंत टप्प्याटप्प्यानं पुरा झाला. यंत्रांची मांडणी लेनर्ड पियर्स या अभियंत्याची, बाहेरचं रूप जाइल्स गिल्बर्ट स्कॉटचं. सुमारे ६० लाख विटा, चार धुराडी आणि वर्षाला दहा लाख टनांहून जास्त कोळसा. ‘अ’ १९७५ मध्ये बंद झालं, ‘ब’ ३१ ऑक्टोबर १९८३ ला. १९८० मध्येच इमारतीला वारसा म्हणून संरक्षण मिळालं होतं, त्यामुळे पाडायचा प्रश्न नव्हता. १९८७ मध्ये ती एका थीम पार्कवाल्या उद्योजकानं घेतली आणि आतली यंत्रं उचलून काढण्यासाठी छप्पर उघडलं. मार्च १९८९ मध्ये पैशांअभावी काम थांबलं. त्यानंतर दोन दशकांहून जास्त काळ ती इमारत उघड्या आभाळाखाली होती. पोलादी सांगाड्यावर पाऊस पडत राहिला आणि पायात पाणी साचत राहिलं.

हे इतकं घातक का, ते नीट समजून घे. ही इमारत दिसते विटांची, पण उभी आहे पोलादावर. वीट म्हणजे बाहेरचा अंगरखा. छप्पर गेलं की भिंतीच्या माथ्यावरून पाणी विटांच्या आत उतरतं आणि आत चिणलेल्या खांबांना, तुळयांना गंज धरतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतं. तो विटांना आतून रेटतो आणि आधी कोपऱ्यांवर उभ्या भेगा पडतात, कारण कोपऱ्यातच खांब असतो. भेगेतून आणखी पाणी, पाण्यानं आणखी गंज. बाहेरून सिमेंट भरून ही भेग बुजवणं म्हणजे निव्वळ पैसे वाया. विटा उघडून पोलाद खरवडायचं, त्याला गंजरोधक लेप द्यायचा, फारच झिजलं असेल तर पट्ट्या जोडायच्या आणि मग विटा पुन्हा लावायच्या. दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरताना मूळ मसाला तपासून घ्या. चुन्याच्या जागी कडक सिमेंट भरलं की ओल दर्जातून बाहेर पडत नाही, ती विटेतून वाट काढते आणि विटेचं तोंड सुटून येतं.

म्हणून पहिला नियम लिहून ठेवा: पुढच्या सगळ्या टप्प्याचे पैसे हातात नसतील तर यंत्रं आत राहू देत, छप्पर राहू दे. पन्हळी, नळ आणि पावसाळी गटारं मात्र याच मोसमात दुरुस्त करा. यंत्रं काढायचीच झाली तर बाजूच्या भिंतीतलं जुनं दार शोधा. टर्बाइन आत आली होती ती कुठून तरी आलीच होती, ती वाट बहुतेक वेळा नंतर विटांनी बुजवलेली असते. आणि टर्बाइनच्या दालनातली ओव्हरहेड क्रेन भंगारात देण्याची घाई करू नका. रोटर, म्हणजे टर्बाइनचा फिरता भाग, उचलण्यासाठीच ती बसवलेली असते. रूळ, ब्रेक, दोर तपासून, क्षमतेच्या सव्वापट भार टाकून चाचणी घेतली तर निम्मं अवजड काम तीच करते. बॅटरसीत जुन्या क्रेन आजही दालनात वर दिसतात.

बॉयलरच्या दालनाची तऱ्हा वेगळी आणि जास्त धोक्याची. तिथं मजले नसतातच, बॉयलरभोवतीच्या जाळीच्या माच्या असतात. त्या माच्या आणि बॉयलरचा सांगाडा मिळून उंच भिंतींना आडवा आधार देत असतात, हे नकाशावर सहज कळत नाही. भंगारवाला खालून वर कापत सुटला की पाचसहा मजली उंचीची भिंत वाऱ्याच्या भरवशावर उभी राहते. कापाकापीआधी तात्पुरते आडवे टेकू, वरून खाली असा कापण्याचा क्रम आणि भिंत किती झुकते ते रोज मोजण्याच्या खुणा, हे तिन्ही ठेक्यात लिहिलेलं असलं पाहिजे.

पण कापण्याच्याही आधी विषारी मालाची यादी. वाफेच्या नळांवरचं वेष्टण, बॉयलरचं अस्तर, गॅस्केट, जुन्या केबलींचे पदर या सगळ्यांत ॲस्बेस्टॉस असणार असंच धरून चाला. मोजमापाच्या उपकरणांत पारा, रंगात शिसं, बॅटरीखोलीच्या जमिनीत आम्ल, कोळशाच्या राखेत आर्सेनिक. सगळ्यांत चिवट म्हणजे जुन्या ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या तेलातलं पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) हे विषारी रसायन. ते सांडलं की काँक्रीटच्या छिद्रांत मुरतं. वरचा थर धुऊन काढला तरी काही महिन्यांनी खालून पुन्हा वर येतं. म्हणून नुसतं पुसून नमुना घेऊ नका. गोल गाभे काढा, त्यांच्या चकत्या करा आणि किती खोलवर किती आहे ते बघा. अमेरिकेत माणसांचा सतत वावर असलेल्या जागेत, बाकी कुठलीही अट न घालता, दशलक्षात १ भाग ही मर्यादा आहे. वरून पक्का थर घातला तर १० पर्यंत चालतं. आपल्याकडे २०१६ च्या आदेशानं पीसीबी असलेली उपकरणं वापरायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ही ठरवली. तेव्हा आवारात जुना ट्रान्सफॉर्मर पडलेला असेल तर तो कुणाच्या नावावर आहे हे जागा ताब्यात घेण्याआधी कागदावर आणा. नंतर तो खर्च तुमच्याच माथी बसेल.

त्याच वेळी वीज कंपनीला विचारा की आवारातलं काय अजून चालू आहे. वीजनिर्मिती थांबली तरी स्विचगिअर (वीज जोडण्या-तोडण्याची यंत्रणा) आणि उपकेंद्र बरेचदा चालूच असतं. लंडनमधलंच बँकसाइड वीजघर १९८१ मध्ये बंद झालं आणि २००० मध्ये तिथं टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय उघडलं. तरी इमारतीचा एक भाग पुढेही कित्येक वर्षं उपकेंद्राकडेच राहिला. फीडर (वीज वाहून नेणाऱ्या मुख्य केबली) हलवायला वेळ लागतो, म्हणून बँकसाइडसारखं उपकेंद्राच्या कडेनं काम करता येतं का ते आधी बघा.

आता टर्बाइनचे पाये. टर्बाइनची थरथर इमारतीला लागू नये म्हणून हे पाये इमारतीपासून वेगळे, भक्कम काँक्रीटच्या टेबलासारखे उभारलेले असतात. ब्रेकरनं फोडायला गेलात तर महिने जातात आणि हादरे शेजारच्या भिंतींना बसतात. हिऱ्याच्या दातांच्या तारेनं तुकडे कापता येतात, पण ते महाग पडतं. माझं मत विचारशील तर ते ठेवा. त्यांच्या माथ्यावर उपाहारगृहाचा मजला किंवा जिना छान बसतो आणि भार घ्यायला ते केव्हाही तयार असतात. खालचे कंडेन्सरचे (वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राचे) खड्डे आणि नदीचं पाणी आणणारे बोगदे मात्र शोधून पक्के बंद करायलाच हवेत. पुरात नदी दारातून येण्याआधी या बोगद्यांतून तळघरात शिरते.

धुराड्यांचं बॅटरसीत काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण लोकांचा जीव त्यातच अडकलेला असतो. आतून गंधकाच्या ओलसर धुरानं काँक्रीट खाल्लं होतं आणि सळ्या गंजून बाहेरचा थर फुगत होता. दुरुस्ती करावी की पाडून तशीच पुन्हा बांधावी, यावर तज्ज्ञांत बरीच वर्षं वाद झाला. शेवटी चारही पुन्हा बांधायची ठरली आणि २०१४ ते २०१७ या काळात ते काम झालं. पहिलं नैर्ऋत्येचं. एकदा पाडल्यावर बांधायला पैसे नाहीत, असं पुन्हा होऊ नये म्हणून आधीच पैशांची हमी घेण्यात आली. काँक्रीट जुन्याच पद्धतीनं, थोड्या थोड्या उंचीचं शटरिंग वर सरकवत हातानं ओतलं. एकचाकी ढकलगाड्यांच्या २५,००० हून जास्त फेऱ्या लागल्या. पंपानं एकदम ओतलं असतं तर वेळ वाचला असता, पण मूळ धुराड्यावरच्या त्या आडव्या जोडांच्या रेषा आणि उभ्या पन्हळ्या तशा उतरल्या नसत्या. मला हा हट्ट पटतो. विटांच्या बाबतीतही तेच केलं: सुमारे साडेसतरा लाख नव्या विटा मूळ भट्ट्यांच्या परंपरेतल्या कारखान्यांकडून करून घेतल्या. तुम्ही विटा घ्याल तेव्हा एका थप्पीतल्या विटा एका जागी लावू नका. चारपाच थप्प्या मिसळून गवंड्याकडे द्या, नाहीतर भिंतीवर रंगाचे चौकोनी डाग उठतात आणि ते पुढे जात नाहीत.

कुठल्या जागेत काय ठेवायचं हे त्यांनी इमारतीच्या ठेवणीवर ठरवलं. हे सगळ्यांत शिकण्यासारखं. टर्बाइनची दालनं लांब आणि उंच, माथ्यावरून उजेड, म्हणून तिथं दुकानं. कडेच्या स्विच हाउसची रुंदी कमी आणि खिडक्या जवळ, म्हणून तिथं घरं. मधल्या अवाढव्य बॉयलर दालनात नव्या पोलादी सांगाड्यावर सहा मजली कचेऱ्या, मधोमध उजेडाचा चौक. घरं गच्चीवरही आहेत. अशी एकूण २५४. वायव्येच्या धुराड्यात काचेची लिफ्ट १०९ मीटरपर्यंत जाते. ‘अ’ विभागाचं नियंत्रण कक्ष समारंभांसाठी देतात, ‘ब’ विभागाच्या कक्षात बार आहे. तुमच्या नकाशावर पहिल्याच दिवशी एक साधं गणित करा: खिडकीच्या माथ्याची जमिनीपासून जी उंची, तिच्या अडीच पटीपर्यंत कामापुरता उजेड पोचतो. तीन मीटरच्या माथ्याला साडेसात मीटर. त्याच्या पलीकडे जे उरतं तिथं घर करू नका. तिथं जिने, लिफ्ट, गोदाम, नाट्यगृह करा किंवा चौक कापा.

याउलट बाल्टिमोरच्या बंदरावरचं प्रॅट स्ट्रीट वीजघर बघ. १९८५ मध्ये तिथं बंदिस्त थीम पार्क केलं, ते काही वर्षांतच बंद पडलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याच इमारतीत दुकानं, उपाहारगृहं आणि कचेऱ्या आल्या आणि धुराड्यांच्या बुंध्यांभोवती पुस्तकांचं मोठं दुकान थाटलं गेलं. एकाच प्रकारच्या गर्दीवर अवलंबून राहिलं की ती गर्दी आटल्यावर सगळंच थांबतं.

दालनाचा आवाज विसरू नका. १०० मीटर लांब, २५ रुंद, २० उंच असं वीट-काँक्रीटचं दालन घे. आकारमान ५०,००० घनमीटर आणि पृष्ठभाग १०,००० चौरस मीटर. आवाजाचं सरासरी शोषण ०.०५ (म्हणजे पाच टक्के) धरलं तर घुमारा सुमारे १६ सेकंद टिकतो, म्हणजे समोरच्याचं वाक्य कळणार नाही. फक्त छताखाली ०.८ शोषणाचं अस्तर लावलं की तो साडेतीन सेकंदांच्या आसपास येतो. हे अस्तर छपराच्या दुरुस्तीबरोबरच करा, नंतर परांची पुन्हा बांधायची म्हणजे दुप्पट खर्च. गारव्याचंही तसंच. वीस मीटरची हवा थंड करू नका. माणसं वावरतात तो खालचा तीन मीटरचा थर थंड ठेवा आणि गरम हवेला माथ्याच्या झरोक्यांतून जाऊ द्या.

पैशांबद्दल थोडक्यात. २०१२ मध्ये मलेशियन कंपन्यांच्या गटानं बॅटरसी ४० कोटी पौंडांना घेतलं. त्यांनी पहिल्या टप्प्यात शेजारच्या मोकळ्या जमिनीवर नवी घरं बांधून विकली. बॉयलर दालनातली सुमारे पाच लाख चौरस फूट जागा ॲपलनं २०१६ मध्ये ठरवली, त्यामुळे कर्ज देणाऱ्यांना भरवसा आला. भुयारी रेल्वेचं स्थानक सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालं आणि वीजघर लोकांसाठी १४ ऑक्टोबर २०२२ ला उघडलं. आधी गाडी, मग गर्दी, हे बरोबर झालं. जे चुकलं तेही सांगितलं पाहिजे: खर्च वाढल्यावर २०१७ मध्ये परवडणाऱ्या घरांची संख्या ६३६ वरून ३८६ वर आणली. त्याचं मला फार वाईट वाटतं. लोअर परळला फिनिक्स मिलची चिमणी मॉलमध्ये जपली आहे, पण गिरणगावातली माणसं कुठं गेली, हे तुला सांगायला नको. तुमच्याकडे परवडणारी घरं शेवटच्या टप्प्यात ढकलू देऊ नका. पहिल्या टप्प्याच्या भोगवटा प्रमाणपत्रालाच ती अट जोडा.

आता तू मला पाठवायचं ते असं: मूळ पोलादी सांगाड्याचे नकाशे असतील तर ते, नाहीतर चारही कोपऱ्यांच्या भेगांचे मोजपट्टी धरून काढलेले फोटो, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा तपासणी अहवाल आणि पावसाळ्यात तळघरात पाणी किती चढतं त्याची खूण. एवढं हाती आलं की पहिल्या वर्षाच्या कामांचा कच्चा आराखडा आणि अंदाजपत्रक मी करून देतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत