६० हजार युनिटची पुडी आणि लाल आकडे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता) असलेल्या किंवा उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या पालकांना हल्ली मुंबईत ‘व्हिटॅमिन प्रोफाइल’ सर्रास सुचवले जाते. घरी येऊन रक्त नेतात, साठ-सत्तर आकड्यांचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि त्यातल्या प्रत्येक लाल, म्हणजे लॅबच्या मर्यादेबाहेरच्या, आकड्यासाठी एक बाटली घरात येते. तपासणी नकोच, असे आमचे म्हणणे नाही. दूध-पोळी आणि एकाच कंपनीचे बिस्कीट यापलीकडे काहीही तोंडात न घेणाऱ्या मुलात कमतरता सहज सापडते. पण सुरुवातीला पाहायचे ते मोजकेच: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (रक्तातली ‘डी’ची पातळी) आणि आधी झाली नसेल तर टीएसएच (थायरॉइडची चाचणी). पुढचे मुलाला तपासून आणि त्याच्या ताटात काय असते ते विचारून डॉक्टरांनी ठरवावे.

सर्वात जास्त घोळ ‘डी’चा. मुलांमध्ये रक्ताच्या दर मिलीला १२ नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, १२ ते २० अपुरे, २०च्या वर पुरेसे. बऱ्याच लॅब मात्र ३०च्या खालचे सगळेच लाल छापतात, त्यामुळे २४ आकडा असलेल्या मुलालाही उपचाराचा डोस सुरू होतो. खरी कमतरता असेल तर एक वर्षापुढच्या मुलाला साधारणपणे रोज ३००० युनिट, १२ आठवडे. नंतर रोज ६००. बाजारात थेंबांच्या काही बाटल्यांत १ मिलीला ४०० युनिट असतात, काहींत ८००, आणि पुडी किंवा छोटी बाटली थेट ६०,००० युनिटची. ती आठवड्यातून एकदाच द्यायची असते. चिठ्ठीवरचे ‘आठवड्यातून एकदा’ वाचायचे राहिले आणि रोज दिली, तर दहा दिवसांत सहा लाख युनिट पोटात जातात. शिवाय कॅल्शियमचे सिरप, मल्टिव्हिटॅमिन आणि ‘ब्रेन टॉनिक’ या तिन्हींत ‘डी’ असू शकते. त्याची बेरीज कोणी करत नाही. जादा झाले की रक्तातले कॅल्शियम चढते: उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि लघवी, चिडचिड. बोलता न येणारे मूल पोट दुखते असे सांगत नाही, ते डोके आपटते. मग ‘बिहेविअर वाढलंय’ म्हणून थेरपीचे तास वाढतात.

उलट बाजूही तशीच. महिनोन्‌महिने फळ-भाजी न खाल्लेले मूल लंगडू लागले, चालायला नकार देऊ लागले, हिरड्या सुजल्या, तर ‘सी’ची कमतरता, म्हणजे स्कर्व्ही, डोक्यात यायला हवी. तो हट्ट किंवा शिकलेले विसरून मागे जाणे नसते, पाय खरोखर दुखत असतात.

फेरिटिन तापात वाढते आणि कमतरता झाकते. आजारानंतर दोन-तीन आठवडे थांबून तपासावे. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाणाऱ्या मुलाचे शिसेही पाहावे, कारण लोह कमी असले की शिसे जास्त शोषले जाते. दिवसाला अर्धा लिटरहून जास्त दूध चालू ठेवून लोहाचे सिरप देणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सिरप दुधाबरोबर नको. लिंबूपाण्याबरोबर, ड्रॉपरने जिभेच्या मागच्या बाजूला द्यावे, म्हणजे दात काळे पडत नाहीत. शौच काळी होते, त्याने घाबरू नये.

शाकाहारी आईच्या, फक्त अंगावरच्या दुधावरच्या बाळाने हसणे, मान धरणे सोडले, बोटांच्या पेरांवर काळपटपणा आला, केस विरळ-तांबूस झाले, तर बी-१२चे रक्त त्याच दिवशी काढून उपचार लगेच सुरू व्हावेत. आईचेही तपासावे. इंजेक्शननंतर काढलेल्या आकड्याला अर्थ नसतो. नुसते फॉलिक अ‍ॅसिड देऊन पंडुरोग सुधारतो, पण बी-१२अभावी नसांचे नुकसान चालूच राहते.

केसांसाठीच्या बायोटिनच्या (एक बी-व्हिटॅमिन) मोठ्या डोसने काही यंत्रांवर थायरॉइड, ‘डी’ आणि बी-१२चे आकडे चुकतात. रक्त देताना चालू असलेली प्रत्येक बाटली लॅबला सांगावी. फिट्सच्या औषधांवर असलेल्या मुलाला कोणतेही व्हिटॅमिन न्यूरॉलॉजिस्टना विचारूनच द्यावे; फॉलिक अ‍ॅसिडने फेनिटॉइन या फिट्सच्या औषधाची रक्तातली पातळी उतरते. केसांच्या खनिज-चाचणीवर पैसे घालू नयेत. त्या रिपोर्टवरून ‘जड धातू काढायचे’ कीलेशन तर नकोच. २००५ मध्ये अमेरिकेत त्यात एका पाच वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाचा जीव गेला.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर युनिट, मिली आणि बंद करण्याची तारीख तिन्ही लिहावे, आणि केमिस्टने ६०,०००च्या पुडीवर मराठीत ‘आठवड्यातून एकदाच’ असा शिक्का मारावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून कमतरता आणि विकासातला उशीर दोन्ही एकत्र तपासायचे आहेत. अंगणवाडीत आणि पालिका शाळेत येणाऱ्या त्याच्या पथकांनी घरातल्या बाटल्या घेऊन यायलाही पालकांना सांगावे.

– बालविकास केंद्रांत काम करणारे आहारतज्ज्ञ व थेरपिस्ट, दादर, मुंबई