साठ क्रेडिट झाली, ग्रॅच्युइटीचा नियम मात्र राहिला

मा. संपादक,
स.न.

गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी चोवीस वर्षं मनुष्यबळ विभाग सांभाळते. सुरुवातीला दारावर ‘टाइम ऑफिस’ अशी पाटी होती, आता ‘एचआर’ आहे. काम तेच आहे: मस्टर, पगार, पीएफ, ईएसआय, रजा आणि माणसांची भांडणं. ‘एसएचआरएम’ या मनुष्यबळ क्षेत्रातल्या अमेरिकी संस्थेची परीक्षा देऊन मी प्रमाणपत्रही मिळवलं आहे. ते टिकवायचं तर दर तीन वर्षांत शिक्षणाची 60 क्रेडिट भरावी लागतात, नाहीतर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. तासभर शिकलं की एक क्रेडिट, असा साधारण हिशोब. नियम चांगला आहे. मी तो कसा पाळला, ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या जानेवारीत आमच्या फेटलिंग (ओतीव मालाच्या साफसफाईच्या) विभागातल्या एका मुलाचा वर्षाचा करार संपला. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर होता तो. फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या, कागदावर सही करायला आला आणि टेबलाशी उभं राहूनच त्यानं विचारलं, “मॅडम, ग्रॅच्युइटी किती बसतीय?” म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम. मी कागदावरून मान वर न करता म्हणाले, “पाच वर्षं झाल्याशिवाय ग्रॅच्युइटी नसते रे.” तो गप्प झाला. मग खिशातून मोबाइल काढून त्यानं माझ्यासमोर धरला. काचेला मधोमध तडा गेलेला होता, अंगठ्याची काळी धूळ काचेवर उमटली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलेला मराठी मजकूर होता: नव्या कायद्यात मुदतीच्या कामगाराला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी.

असले फॉरवर्ड मी रोज बघते, त्यामुळे आधी रागच आला. पण त्याला बसवून घेतलं आणि आमच्या सल्लागारांना फोन लावला. मुलगा बरोबर होता.

चार श्रम संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाल्या आणि जुने 29 केंद्रीय कायदे त्यांत आले, हे मला माहीत होतं. पेपरात वाचलं होतं, ग्रुपवर आलेल्या पीडीएफ जपूनही ठेवल्या होत्या. पण त्याच्या पगारपत्रकाला ते लावून बघितलं नव्हतं. एकूण पगार 26,000 आणि त्यात बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) 11,000. बाकी 15,000 भत्ते. नव्या व्याख्येप्रमाणे वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. म्हणजे 2,000 आत आले आणि वेतन झालं 13,000. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाएवढी, महिना 26 दिवसांचा धरून; म्हणून त्याला 26 नं भागून 15 नं गुणलं की 7,500 रुपये. मी त्याला शून्य सांगितलं होतं, आणि जुन्या बेसिकवर काढले असते तरी अकराशेच्या वर कमीच गेले असते. शिवाय राजीनामा दिलेल्या माणसाचा हिशोबही दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. आमच्याकडे तो वर्षानुवर्षं पुढच्या पगाराबरोबर निघायचा आणि मीच तसं क्लार्कला शिकवलं होतं.

हे घडलं त्याच्या दोनच महिने आधी माझी 60 क्रेडिट पूर्ण झाली होती. कशी, तर अमेरिकेतल्या दुपारचे वेबिनार आपल्याकडे रात्री साडेअकराला. नेतृत्व, कृत्रिम बुद्धिमत्ता, कर्मचाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य. विषय वाईट नव्हते. पण एका कानात इअरफोन आणि समोर ओव्हरटाइमचा तक्ता, असं मी ते ऐकलं. कायद्याचा विषय निवडायला मला कुणी अडवलं नव्हतं. सहज भरतील ती क्रेडिट मी भरली. माझ्या ओळखीतले बरेच जण असंच करतात, आणि आपण हे एकमेकांत हसण्यावारी नेतो याचं मला आता वाईट वाटतं. त्या दिवशी मोबाइलवर तो मजकूर आला नसता, तर मुलगा सही करून गेला असता. याआधी असे किती गेले असतील?

डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना 30 क्रेडिट दाखवावी लागतात. आमच्या पेशाला अशी नोंदणीच नाही. कारखाने कायद्यात 500 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला असलेली कल्याण अधिकाऱ्याची अट नव्या संहितेत 250 वर आली आहे, म्हणजे ही पदं वाढणार. नेमणुकीच्या दिवशी पदविका बघतात, पण पुढच्या वीस वर्षांत त्या माणसानं काय वाचलं हे कोण विचारतो?

मालकांना माझी विनंती आहे की तिमाहीला एक दिवस तरी आम्हाला शिकायला द्या, कामाच्या वेळेत, आणि फी कंपनीनं भरावी. मशीनच्या कॅलिब्रेशनला कुणी खर्च म्हणत नाही. शासनाला विनंती अशी की परळची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था 1947 पासून हेच शिकवत आली आहे. तिथल्या शिक्षकांचे दोन-दोन दिवसांचे वर्ग शिरोली, कागल, कुपवाडसारख्या वसाहतींत भरवावेत. मराठीत, खरी पगारपत्रकं समोर घेऊन. कारण कामगार प्रश्न मराठीत विचारतो आणि सुपरवायझरला उत्तरही मराठीतच द्यावं लागतं.

त्या मुलाचे 7,500 रुपये दुसऱ्या दिवशी खात्यावर जमा केले. नोव्हेंबरनंतर करार संपलेल्या सगळ्यांच्या फायली आम्ही पुन्हा काढल्या आहेत. त्यातले दोघे गाव सोडून गेलेत, त्यांचे नवे नंबर शोधतो आहोत. वर सांगितलेला वर्ग आमच्या भागात कुणी घेणार असेल, तर शनिवारी दुपारी आमचं कॅन्टीन रिकामं असतं. मालकांशी मी बोलून ठेवलं आहे.

आपली,
एक मनुष्यबळ व्यवस्थापक, कोल्हापूर
(कृपया नाव छापू नये.)