गोळ्या बंद करून शिबिराला जाऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ध्यान आणि मानसोपचारावरचा लेख वाचला. बराचसा पटला. पण त्यातल्या चौकटीला दिलेला ‘औषधांपासून सुटका’ हा मथळा खटकला, म्हणून हे पत्र. कोथरूडला माझं औषधांचं दुकान आहे आणि असल्या मथळ्यांचा परिणाम मला काउंटरवर बघायला मिळतो.

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी जवळ आली की एखादं ओळखीचं गिऱ्हाईक महिन्याची चिठ्ठी पुढे करतं आणि म्हणतं, “या वेळी वीसच दिवसांच्या द्या. दहा दिवस विपश्यनेला चाललोय, तिथे कशाला लागतात?” चिठ्ठीवर लिथियम, म्हणजे उन्माद-नैराश्याच्या आजारावरचं औषध. डॉक्टरांना विचारलंत का, म्हटलं तर उत्तर ठरलेलं: “ते काय, घ्याच म्हणणार.”

लिथियम असं मधेच तोडलं तर उन्मादाचा झटका पुन्हा येण्याचा धोका वाढतो. नैराश्यावरच्या एस्सिटॅलोप्रामसारख्या गोळ्या एकदम सोडल्या तर काही दिवसांतच अनेकांना चक्कर येते, झोप उडते, जीव कासावीस होतो, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. आता शिबिराचं वेळापत्रक बघा. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासावर लक्ष; चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना बघणं. म्हणजे गोळी सुटल्याचा त्रास आणि साधनेचा अवघड टप्पा नेमके एकाच वेळी येतात. साधक समजतो, मनात साठलेले जुने संस्कार वर येताहेत, समतेने बघत राहायचं. आणि मौन असल्यामुळे शेजारच्याला सांगायचीही सोय नाही. आचार्यांशी बोलता येतं, पण ज्याने गोळ्यांचं लपवलंय तो त्यांना तरी काय सांगणार?

मी विपश्यनेच्या विरोधात नाही. इगतपुरीला बसून आलो आहे, स्वारगेटच्या केंद्रात सामूहिक साधनेलाही जातो. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये मानसिक आजार आणि चालू औषधं यांबद्दल स्पष्ट विचारलेलं असतं. जागा जाईल या भीतीने लोक तिथे बेधडक ‘नाही’ लिहितात. मग पहिल्याच दिवशी पंचशील घेतात, त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं!

एकच साधना सरसकट सगळ्यांना, असं जुन्या ग्रंथांतही नाही. संयुत्त निकाय या पाली ग्रंथात वैशालीचा प्रसंग आहे. भिक्खूंपुढे अशुभ भावनेची, म्हणजे देहाच्या किळसवाण्या बाजूच्या चिंतनाची, प्रशंसा करून बुद्ध पंधरवडाभर एकांतात गेले. इकडे कित्येक भिक्खूंना देहाची इतकी शिसारी आली की त्यांनी जीव दिला. परत आल्यावर बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला विचारलं, संघ असा विरळ का दिसतो? आणि कारण कळल्यावर उरलेल्यांना आनापानसति, म्हणजे श्वासावरचं ध्यान, शिकवली. पुढे पाचव्या शतकात बौद्ध पंडित बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात माणसांच्या स्वभावाचे सहा प्रकार आणि ध्यानाचे चाळीस विषय सांगितले. रागीट माणसाला मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं; विचारांच्या गुंत्यात अडकणाऱ्याला श्वास. याच ग्रंथाच्या संपादनावर बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींनी अमेरिकेत हार्वर्डला काम केलं होतं, आणि ते आपल्याच फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत. पुणेकरांना हे नव्याने सांगावं लागावं, याचं मला नवल वाटतं.

पश्चिमेकडच्यांनीही ध्यान उचललं ते औषधं फेकून देऊन नव्हे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला, तो जुनाट दुखण्यांचे रुग्ण घेऊन आणि त्यांचे नेहमीचे उपचार चालू ठेवून. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी त्याला विचार-वर्तन उपचाराची जोड दिली, ती नैराश्यातून वर आलेला माणूस पुन्हा त्यात जाऊ नये म्हणून. जरा मन उदास झालं की ‘मी कुचकामीच आहे’ हे जुनं चक्र फिरायला लागतं. ते फिरू लागल्याचं वेळीच ओळखायचं आणि त्यात ओढलं जायचं नाही, हे तिथे शिकवतात. त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासांत फायदा दिसला तो तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांना. आपल्या लेखातल्या चौकटीत यातलं काहीच नव्हतं. ध्यानात भीती, निद्रानाश, स्वतःपासून तुटल्याची भावना असे अनुभव येऊ शकतात, हे ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये साधकांच्या मुलाखतींवरून नोंदवलं आहे, तेही नव्हतं.

डॉक्टर मंडळींनाही एक सांगायचंय. ध्यानाचं नाव काढलं की काहीजण हसून विषय बदलतात. पेशंट मग पुढच्या वेळी सांगतच नाही आणि गोळ्या परस्पर बंद करतो. “कुठल्या शिबिराला जाताय, कधी?” एवढं विचारलं आणि गरज असेल तर केंद्रासाठी चार ओळींचं पत्र दिलं, तरी पुष्कळ काम होईल. आजाराच्या मानाने ‘यंदा नको, वर्षभराने जा’ म्हणावं लागलं, तर तसंही म्हणावं.

आपल्याकडून अपेक्षा इतकीच की असा लेख छापाल तेव्हा ‘चालू औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत’ ही ओळ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक खाली ठळक टाइपात द्यावा. मराठीत बोलता येतं आणि चोवीस तास चालू असतो.

गिऱ्हाइकं ओळखू येऊ नयेत म्हणून माझं आणि दुकानाचं नाव छापू नये, ही विनंती.

– एक औषधविक्रेता, कोथरूड, पुणे