वहिनी, गोळ्या बंद करू नकोस

प्रिय वहिनी,

फोनवर दादाच जास्त बोलतो, म्हणून तुला वेगळं पत्र. टीबीच्या गोळ्यांनी खोकला थांबला, ताप उतरला, तोंडाला चव आली हे ऐकून फार बरं वाटलं. पण त्यापाठोपाठ "आता बरी आहे, मग गोळ्या बंद केल्या तर?" हे ऐकलं आणि लिहायलाच बसले.

इथल्या प्रयोगशाळेत माझ्याकडे थुंकीचे नमुने येतात. रंग दिलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की निळ्या पृष्ठभागावर लालसर, जराशा वाकड्या बारीक काड्या दिसतात. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगापुढे मांडला तो टीबीचा हाच जंतू. त्याचं कवच मेणचट असतं, त्यामुळे एकदा चढलेला रंग आम्लानं धुतला तरी जात नाही. शिवाय तो कमालीचा संथ. इतर कितीतरी जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला जवळजवळ एक दिवस लागतो. कल्चर लावलं, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवायला ठेवले, की निकालासाठी आम्ही आठवडेच्या आठवडे थांबतो. औषधांचा मारा बसतो तो मुख्यतः वाढणाऱ्या जंतूंवर. सुरुवातीच्या आठवड्यांत तेच मरतात आणि माणसाला हुशारी येते. सुस्त पडून राहिलेले मात्र शिल्लक असतात. साध्या टीबीला पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने त्यांतली काही कमी करून, असा लांबलचक कोर्स आहे तो त्यांच्यासाठी.

चार औषधं कशाला, असंही तू विचारलंस म्हणे. १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं तेव्हा ते एकटंच देऊन पाहिलं होतं. रुग्ण झपाट्यानं सुधारले, आणि काही महिन्यांत बऱ्याच जणांचे जंतू त्या औषधाला जुमानेनात. लाखो जंतूंत एखादा मुळातच एका औषधाला दाद न देणारा असतो; चार औषधं एकदम दिली की तो निसटत नाही. मध्येच सोडलं, मनानं एखादी गोळी गाळली, की त्याला रान मोकळं. मग एमडीआर टीबी, म्हणजे मुख्य औषधांनाच दाद न देणारा, आणि त्याचे उपचार यापेक्षा जड.

ताट-वाटी वेगळी केल्याचं कळलं. दादाला हे वाचून दाखव: टीबी भांड्यांतून, कपड्यांतून, हात लावल्यानं पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, बोलतो तेव्हा हवेत राहणाऱ्या सूक्ष्म कणांतून तो पसरतो. म्हणून खिडक्या उघड्या हव्यात, आणि डॉक्टर सांगतील तोवर मास्क. औषध लागू पडलं की संसर्गाचा धोका लवकर उतरतो. १९५०च्या दशकात मद्रासमध्ये याचाच अभ्यास झाला होता: काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात, तर काही घरीच गोळ्या घेत. घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं, कारण लागण व्हायची ती बहुधा उपचार सुरू होण्याआधीच झालेली असते. तेव्हा आता ताट वेगळं करून उपयोग शून्य.

काळजी करायची तर छोटीची करा. पाच वर्षांखालच्या मुलांत हा जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. बीसीजीची लस अशा गंभीर प्रकारांपासून बरंच संरक्षण देते, पण तेवढ्यावर विसंबू नका. तिची तपासणी करून घ्या. आजार नाही असं ठरलं की प्रतिबंधक औषध मिळतं, डोस वजनावर असतो. दादा आणि आईंनीही तपासून घ्यायचं. अंगात जंतू असूनही पुष्कळांना काही होत नाही, पण काहींच्या बाबतीत तो पुढे कधीतरी डोकं वर काढतो.

लघवी केशरी होते त्याला घाबरू नकोस, तो तुझ्या गोळ्यांतल्या रिफॅम्पिसिन या औषधाचा रंग आहे. मळमळ होत असेल तर गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारून बदल. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. तळपायाला मुंग्या आल्या तरी सांग, त्यावर बी-६ची गोळी देतात. आणि एक गोष्ट फक्त तुझ्यासाठी: गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील तर रिफॅम्पिसिननं त्यांचा परिणाम कमी होतो. डॉक्टरांशी बोलून दुसरा उपाय कर.

दोन महिने पूर्ण झाले की थुंकी पुन्हा तपासतील. रिपोर्टचा फोटो मला पाठव, आणि छोटीला कधी नेताय तेही कळव.

तुझी नणंद