मालवणात डाईव्ह करून त्याच दुपारी घाट चढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कोल्हापूर, सांगली, पुण्याकडच्या गाड्या कोकणात उतरायला लागतात आणि आता नुसते बीच आणि मासे नाही तर स्कुबा (पाठीला हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली जाणं) आणि स्नॉर्केलिंगही (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं) प्लॅनमध्ये असतंच. त्यात वाईट काहीच नाही, उलट आपल्या किनाऱ्यावर पाण्याखाली एवढं काही आहे हे लोकांना कळतंय याचा मला खूप आनंद होतो. पण आपण ट्रिप लावतो ती रस्त्याच्या हिशोबाने, समुद्राच्या हिशोबाने कोणी लावत नाही, आणि त्यात जी एक गोष्ट कायम राहून जाते ती तुमच्या पेपरमधून लोकांपर्यंत जावी म्हणून हे पत्र लिहितेय.

नेहमीचा प्लॅन बघा. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी सिंधुदुर्ग किल्ला, देवबागचा संगम, रविवारी सकाळी स्कुबा, मग सुरमईचं ताट आणि जेवून लगेच गाडी काढायची, कसाल, कणकवली, पुढे घाट आणि रात्री घरी. म्हणजे सकाळी पाण्याखाली असलेला माणूस संध्याकाळी सह्याद्रीच्या माथ्यावर. पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, त्या दाबाखाली सिलिंडरमधली हवा घेतली की नायट्रोजन नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात रक्तात आणि शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू बाहेर पडत राहतो, त्याला तास लागतात. तेवढ्यात तुम्ही उंचावर गेलात, म्हणजे बाहेरचा दाब आणखी कमी झाला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे त्याचे बुडबुडे शरीरातच होऊ शकतात. सांधे दुखणं, मुंग्या येणं, चक्कर, फारच वाईट वेळ आली तर मज्जारज्जूला इजा. त्यावर खरा उपचार प्रेशर चेंबरमधे, म्हणजे हवेचा दाब वाढवता येतो अशा बंद खोलीत होतो आणि तो काही प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात नसतो.

विमानाचं बऱ्याच जणांना माहीत असतं, की डाईव्ह करून लगेच विमानात बसायचं नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला आहे की एकच साधी डाईव्ह केली असेल तर किमान 12 तास आणि जास्त डाईव्ह किंवा रोज डाईव्ह केल्या असतील तर किमान 18 तास थांबा, आणि हा सल्ला 2000 फुटांच्या उंचीपासून लागू धरलाय. आता आंबोली किती उंच आहे? साधारण 690 मीटर, म्हणजे 2200 फुटांच्या वर. गाडीने गेलं म्हणून शरीराला वेगळं काही कळत नाही हो, उंची ती उंचीच.

कोणाला घाबरवायचं म्हणून हे लिहीत नाही. मालवणात पहिल्यांदा जाणारे लोक पाच-सहा मीटर पाण्यात थोडा वेळ इन्स्ट्रक्टरचा हात धरून जातात, त्यांचा धोका अगदी कमी असतो, आणि नुसतं स्नॉर्केलिंग करणाऱ्याला तर हा प्रश्नच येत नाही कारण तो वरचीच हवा घेतो. पण आता आपल्याकडे ओपन वॉटर हा डायव्हिंगचा सुरुवातीचा कोर्स केलेली, 18 मीटरपर्यंत जाऊ शकणारी तरुण मुलंमुली वाढतायत, तारकर्लीला एमटीडीसीचं ट्रेनिंग सेंटर आहे, आणि ही मुलं दोन दिवसांत तीन-चार डाईव्ह करून सोमवारच्या ऑफिससाठी रात्रीच घाट चढतात. त्यांच्या आईवडलांनी तरी हे वाचावं.

उपाय अगदी सोपा आहे, दिवस फिरवून टाका. पाण्यातले दिवस आधी, किल्ले-देवळं-खरेदी शेवटी. पहिल्या दिवशी स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्कची आणि तोंडाने श्वास घ्यायची सवय होते, दुसऱ्या दिवशी सकाळी स्कुबा, तिसरा दिवस पूर्ण कोरडा, तेव्हा काय ते धामापूर, वेंगुर्ला, सावंतवाडी करा आणि मग घाट. गाडी चालवणाऱ्यालाही झोप मिळते, कारण डाईव्ह करून आल्यावर अंगात जो थकवा येतो तो स्टिअरिंगवर बसल्यावर जाणवतो.

दुसरं म्हणजे तारखा. ऑक्टोबरमध्ये पावसाचं पाणी नद्यांतून समुद्रात आलेलं असतं, कर्ली नदी तर देवबागलाच समुद्राला मिळते, त्यामुळे पाणी गढूळ असतं आणि लोक म्हणतात काही दिसलंच नाही. नोव्हेंबर अर्धा गेला की पाणी निवळायला लागतं, डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान. त्यातही भिंतीवरचं कॅलेंडर बघून तारीख काढा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं-उतरतं, तळ ढवळला जातो. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी, पाणी शांत, व्हिजिबिलिटी बरी. आणि सकाळ सोडू नका, थंडीत सकाळी मतलई म्हणजे जमिनीकडून येणारा वारा असतो तोवर समुद्र सपाट असतो, दुपारी समुद्राकडून वारा सुटला की बोट हलायला लागते आणि निम्मे लोक उलट्या करत बसतात. मालवणचा कुठलाही मच्छीमार हे तुम्हाला जेट्टीवर उभ्या उभ्या सांगेल, पण आपण हॉटेलचं बुकिंग आधी करतो आणि समुद्राचं नंतर विचारतो.

ज्यांना मोठी रोडट्रिप करायचीय त्यांनी मालवणहून खाली उतरत जावं, गोव्यात ग्रँड आयलंड, पुढे कारवार ओलांडून मुरुडेश्वर, तिथून बोटीने नेत्राणी बेट. नेत्राणी किनाऱ्यापासून 19 किलोमीटरवर आहे आणि स्वच्छ दिवशी तिथलं पाणी बघून आपण अरबी समुद्रातच आहोत ना असं वाटतं, पण समुद्र खवळला तर बोट सुटत नाही, म्हणून तिथे एक दिवस जादा हातात ठेवाच. परत येताना अंकोल्याहून आरबैल घाटाने हुबळीला या नाहीतर मागे येऊन आंबोलीने, सह्याद्री कुठूनही चढावाच लागतो, तेव्हा तो कोरडा दिवस तिथेही सुटत नाही.

ऑपरेटर निवडताना फक्त रेट विचारू नका. सर्दी आहे का, कान दुखतात का, दमा, बीपी, हार्टचं काही आहे का हे जो विचारत नाही त्याच्याबरोबर पाण्यात उतरू नये. सर्दी असताना कानातला दाब सोडता येत नाही आणि पडदा फाटू शकतो, त्या दिवशी पैसे गेले तरी चालतील. खाली असताना श्वास कधीच धरून ठेवायचा नाही हे ज्याने आधी नीट समजावलं नाही त्यालाही नको म्हणा. आणि बोटीत लाईफ जॅकेट जाताना आणि येताना दोन्ही वेळा, 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कुबा करून परतणारी बोट उलटली होती आणि दोन पर्यटक गेले.

अजून एक, आणि हे मला फार लागतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29.12 चौरस किलोमीटर, आणि तिथलं प्रवाळ इतक्या उथळ पाण्यात आहे की दमलेला माणूस सरळ त्यावर उभा राहतो. तो दगड नसतो, जिवंत असतो, वर्षाला काही मिलिमीटर, फार तर काही सेंटीमीटर वाढतो. फोटोसाठी माशांना ब्रेड टाकणंही बंद व्हायला हवं, ते त्यांचं खाणं नाही. नौदलातून 2024 मध्ये निवृत्त झालेली गुलदार ही नौका निवतीच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचं म्युझियम करायचं ठरलंय, त्यामुळे गर्दी वाढणारच आहे, आणि ती वाढायच्या आधी या सवयी लागल्या तर बरं.

तुम्हाला विनंती एवढीच की पुरवणीत कोकणाची ट्रिप छापताना त्याखाली छोटी चौकट द्या, त्यात शेवटच्या डाईव्हनंतर घाट चढायच्या आधी किती तास थांबायचं ते असू दे. आणि सुट्ट्यांच्या दिवसांत मालवण, वेंगुर्ल्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा घाटावरच्या आवृत्तीतही छापा, कारण निघायची तारीख आम्ही इथे बसूनच ठरवतो.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर